हेजहॉग कधी उघडायचा: पोलुगायेव्हस्की–फ्ताचनिक, ल्युसर्न १९८२ (प्रकरण अभ्यास)

काळ्या मोहऱ्यांसाठी लवचिक बचाव शिकायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी चालींच्या यादीची होते. हेजहॉगमध्ये, म्हणजे काळ्याची प्यादी आपल्याच तिसऱ्या ओळीत रचून थांबण्याच्या बचावात, ती यादी असून फारसं काही साधत नाही. दहा-बारा चाली होतात तेव्हा एका प्याद्याची अदलाबदल सोडली तर पटावर काहीच घडलेलं नसतं, आणि पुढच्या आठ-दहा चाली काळा जवळजवळ वाटेल त्या क्रमाने खेळू शकतो. मग शिकायचं ते हे, की थांबायचं कुठवर आणि मध्य फोडायचा कधी. हेजहॉग खेळून हरणारे बहुतेक जण याच एका प्रश्नावर हरतात. कुणी घाई करतं, तर कुणी थांबता थांबता गुदमरून जातं.

हे समजून घ्यायला मला एक डाव फार मोलाचा वाटतो. १९८२ चं बुद्धिबळ ऑलिम्पियाड, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न. पांढऱ्या मोहऱ्यांनी सोव्हिएत संघाचा लेव पोलुगायेव्हस्की, काळ्यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लुबोमिर फ्ताचनिक. पोलुगायेव्हस्की तेव्हा ४७ वर्षांचा होता. १९७७ आणि १९८० अशा दोन्ही वेळा तो कँडिडेट्सच्या, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांच्या, उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. ओपनिंगची तयारी या विषयात त्याच्याइतका कष्टाळू खेळाडू त्या पिढीत शोधावा लागेल. सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ शाखेतला एक धारदार प्रकार आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. फ्ताचनिक पंचविशीतला, दोन वर्षांपूर्वीच ग्रँडमास्टर झालेला. त्या ऑलिम्पियाडमध्ये कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह एकाच संघात होते, सुवर्ण अर्थातच सोव्हिएत संघाला मिळालं, पण रौप्य चेकोस्लोव्हाकियाने नेलं. हा डाव २९ चालींत काळ्याने जिंकला. शेवटी वजिराचं बलिदान आहे म्हणून तो गाजला, पण शिकणाऱ्यासाठी खरा मजकूर त्याच्या आधीच्या डझनभर चालींत आहे.

सुरुवात अशी झाली: १. घोडा एफ३, घोडा एफ६ २. सी४, सी५ ३. घोडा सी३, ई६ ४. जी३, बी६ ५. उंट जी२, उंट बी७ ६. किल्लेकोट, उंट ई७ ७. डी४, काळ्याने सी५ वरून डी४ मारलं ८. वजिराने डी४ परत मारलं, डी६ ९. हत्ती डी१, ए६ १०. बी३, दुसरा घोडा डी७ ११. ई४.

इथे थांबून काळ्याची प्यादी पाहा. ए६, बी६, डी६, ई६. चारही आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत, त्याच्या पुढे एकही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की काळा दबून गेला आहे. पण प्रत्येक प्याद्याला काम आहे. ए६ मुळे पांढऱ्याचा घोडा बी५ वर येऊ शकत नाही. बी६ चं प्यादं सी५ राखतं, डी६ चं सी५ आणि ई५ दोन्ही राखतं, ई६ चं डी५ वर नजर ठेवतं. म्हणजे पाचव्या ओळीतल्या एकाही महत्त्वाच्या घरात पांढऱ्याचं मोहरं सुखाने बसू शकत नाही. पांढऱ्याकडे जागा भरपूर आहे, पण त्या जागेत करायचं काय, हा प्रश्न त्याला प्रत्येक चालीला पडतो.

दुसरी बाजूही लगेच सांगायला हवी. डी६ चं प्यादं मागासलेलं आहे, त्याला मागून आधार देणारं प्यादं नाही आणि समोर डी पट्टी उघडी आहे. त्याच्या बदल्यात काळ्याकडे सी पट्टी आहे, जिच्यावर पांढऱ्याचं सी४ चं प्यादं कायम उभं असतं. सगळा डाव या देवाणघेवाणीवर चालतो.

घोडा सी६ ऐवजी डी७ ला का, हे नवख्यांना हमखास खटकतं. सी६ वर घोडा आला की बी७ च्या उंटाचा कर्ण बंद, सी पट्टीही बंद. डी७ वरून तो सी५ किंवा ई५ ला जाऊ शकतो आणि तोवर कुणाच्याही आड येत नाही. लवचिक हा शब्द मी इथे याच अर्थाने वापरतो: मोहरं असं ठेवायचं की त्याचा पुढचा मुक्काम प्रतिस्पर्ध्याला कळू नये.

आता काळ्याच्या हातात दोन फोडी, म्हणजे प्यादं पुढे ढकलून स्थिती उघडण्याच्या चाली, आहेत: बी५ आणि डी५. त्यांच्यावरच सगळं उभं आहे. या दोन्ही प्याद्यांना कधीच पुढे जाता आलं नाही तर काळा हळूहळू हरतो. म्हणून पांढरा त्या रोखायला ए४ खेळतो, डी५ वर मोहरी रोखून धरतो. आणि काळा त्याच फोडींच्या तयारीत हत्ती सी८ ला, दुसरा हत्ती डी८ किंवा ई८ ला, वजीर सी७ किंवा बी८ ला नेतो. या चाली वाट पाहण्याच्या वाटतात, पण प्रत्येकीने कुठलीतरी फोड थोडी जवळ येते. जिच्याने ती जवळ येत नाही, ती चाल खरोखरच वाया गेली असं समजावं.

पुढच्या चालींत काळ्याने किल्लेकोट केला, हत्ती डी८ ला आणला, वजीर मागच्या ओळीवरून वळसा घेत सी७ ला बसवला. पांढऱ्याने १२. उंट बी२ आणि १३. घोडा डी२ केलं. मग १४. ए४, १५. वजीर ई३, काळ्याचा ए८ चा हत्ती सी८ ला, १६. वजीर ई२, आणि काळ्याचा घोडा ई५ वर.

स्थिती पटावर मांडून घ्या. पांढरा: राजा जी१, वजीर ई२, हत्ती ए१ आणि डी१, उंट बी२ आणि जी२, घोडे सी३ आणि डी२, प्यादी ए४, बी३, सी४, ई४, एफ२, जी३, एच२. काळा: राजा जी८, वजीर सी७, हत्ती सी८ आणि डी८, उंट बी७ आणि ई७, घोडे ई५ आणि एफ६, प्यादी ए६, बी६, डी६, ई६, एफ७, जी७, एच७.

पांढऱ्याच्या मोहऱ्यांनी काय काय केलं ते मोजा. वजीर डी४ ला होता, तो ई३ ला गेला, तिथे काळ्याच्या घोड्याची जी४ वरची उडी दिसत होती म्हणून ई२ ला आला. एफ३ चा चांगला घोडा डी२ ला मागे गेला. घोडा मागे नेण्यात गैर काही नव्हतं: ई४ आणि सी४ ला आधार मिळाला, एफ प्याद्याला वाट मोकळी झाली. पण त्यामुळे ई५ वरचा ताबा सुटला आणि काळ्याचा घोडा तीन चालींनी तिथे येऊन बसला. काळा नुसता थांबला आहे असं वरवर दिसतं, प्रत्यक्षात त्याची सगळी मोहरी आपापल्या जागी पोचली आहेत.

ई५ चा घोडा हुसकावायला पांढऱ्याला एफ४ खेळायचं आहे. पण लगेच एफ४ केलं तर काळ्याचा घोडा जी४ ला जाऊन राजाभोवतीच्या घरांत घुसेल. म्हणून आधी १७. एच३. कुठल्याही वर्गात ही चाल योग्य म्हणून शिकवली जाईल. आणि इथे फ्ताचनिक खेळला १७...एच५.

किल्लेकोट केलेल्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे! माझ्या अनुभवात शिकणारे या चालीपाशी सगळ्यात जास्त अडतात. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की राजासमोरची प्यादी हलवू नका. पण चाल समजून घ्यायची तर पांढरा पुढे काय करणार ते आधी पाहायला हवं. तो एफ४ करणार हे ठरलेलं आहे. एफ४ झालं की घोडा जी६ ला जाईल, आणि तिथून एच४ ची धमकी उभी राहील. एच३ झाल्यामुळे जी३ चं प्यादं मागे आधाराविना उरलं आहे, एफ४ झाल्यावर ते एकटंच एफ४ ला धरून असेल. एच४ आलं की तो दुवा तुटणार. पांढऱ्याने ते अडवायला स्वतःच एच४ केलं, तर जी४ चं घर काळ्याच्या घोड्याला कायमचं मोकळं. म्हणजे १७...एच५ ही चाल पांढऱ्याने अजून न खेळलेल्या एफ४ ला दिलेलं उत्तर आहे.

पोलुगायेव्हस्कीने १८. एफ४ केलं, घोडा जी६ ला गेला. एच४ रोखायला त्याने १९. घोडा एफ३ केलं.

याच चालीची काळा वाट पाहत होता. ई४ च्या प्याद्याला आधार देणारी मोहरी मोजा. एकोणिसाव्या चालीच्या आधी सी३ चा घोडा, डी२ चा घोडा, ई२ चा वजीर आणि जी२ चा उंट, असे चार. घोडा डी२ वरून एफ३ ला आला, तेव्हा त्याने स्वतःचा आधार तर काढून घेतलाच, शिवाय तो नेमका जी२ च्या उंटाच्या कर्णावर येऊन उभा राहिला. एका चालीत चाराचे दोन झाले. काळ्याचा एफ६ चा घोडा आणि बी७ चा उंट ई४ वर आधीपासून रोखलेले आहेत. डी५ झालं की प्याद्याचा तिसरा मारा.

१९...डी५!

आणि फक्त ई४ चा हिशोब असता तरी पुरे होतं. पण डी६ चं प्यादं पुढे सरकल्यामुळे मागच्या मोहऱ्यांच्या वाटा एकदम मोकळ्या झाल्या. सी७ च्या वजिराला डी६, ई५, एफ४ हा कर्ण मिळाला, म्हणजे एफ४ चं प्यादं थेट माऱ्यात. ई७ च्या उंटाला सी५ ला जाऊन जी१ च्या राजाला शह देण्याची वाट मिळाली. डी८ च्या हत्तीसमोरची पट्टी मोकळी व्हायला लागली. जे प्यादं आठव्या चालीपासून मागासलेलं म्हणून हिणवलं जात होतं, तेच या सगळ्यांच्या वाटेवरचं दार होतं.

मग एफ४ अगोदर डी५ का नाही खेळलं? कारण तेव्हा ई४ चारदा राखलेलं होतं, एफ४ वर मारण्यासारखं प्यादं नव्हतं आणि जी१ कडे जाणारा कर्ण एफ२ च्या प्याद्याने बंद होता. पांढऱ्याच्या एकेका चालीने काळ्याच्या फोडीची किंमत वाढत गेली. फ्ताचनिकने ती पुरती वाढू दिली.

पोलुगायेव्हस्कीने २०. सी४ वरून डी५ मारलं. काळ्याने परत मारलंच नाही, तर २०...एच४ खेळला. डी५ आणि एच४ या दोन्ही धमक्या एकदम. २१. घोड्याने एच४ मारलं, काळ्याच्या घोड्याने एच४ चा घोडा मारला २२. जी३ वरून एच४ मारलं, आणि काळ्याच्या वजिराने एफ४ मारलं. २३. डी५ वरून ई६ मारलं, एफ७ वरून ई६ परत मारलं. प्यादी मोजली तर काळ्याचं एक कमी आहे. पण पांढऱ्याच्या राजासमोर एच पट्टीवर एकामागे एक अशी दोन प्यादी उरली आहेत, एफ आणि जी पट्ट्या ओसाड.

२४. ई५ ही चाल दिसायला फार बळकट आहे. एफ६ चा घोडा माऱ्यात येतो, आणि ई४ रिकामं झाल्यामुळे जी२ च्या उंटाचा मारा थेट बी७ च्या उंटावर पडतो, ज्याला कुणाचाच आधार नाही. काळ्याची दोन मोहरी एकदम अडकली. मात्र याच चालीने बी२ चा पांढरा उंट स्वतःच्या प्याद्यामागे कोंडला गेला, आणि लांब कर्ण दोन्ही बाजूंनी उघडला.

२४...उंट सी५ शह २५. राजा एच१, घोडा एच५!

बी७ चा उंट तसाच माऱ्यात सोडून घोडा एच५ ला. धमकी जी३ वरच्या शहाची आहे, ज्यात ई२ चा वजीरही सापडतो. पांढऱ्याने बी७ चा उंट खाल्ला तर घोडा जी३ शह आणि वजीर गेला. म्हणून २६. वजिराने एच५ चा घोडा मारला, आणि २६...वजीर जी३. एक घोडा आणि एक प्यादं कमी, आणि काळा साधा शहसुद्धा न देता शांत चाल खेळतो! आता उंटाने किंवा वजिराने जी२ मारून मात आहे. पांढऱ्याच्या उंटाने बी७ मारला तर काळ्याचा वजीर एच३ मारून मात देतो, कारण जी१ सी५ च्या उंटाने अडवलेलं आहे. वजीर जी४ ला आणून काळ्याच्या वजिरावर मारा केला तरी काळ्याचा उंट जी२ मारतो आणि मात. हे तिन्ही प्रकार पट न हलवता, मनात पाहून घ्यावेत.

कर्ण बंद करायला २७. घोडा डी५ हा एकच उपाय उरला. हत्तीने डी५ मारला. पांढऱ्याने हत्तीने हत्ती मारला तर बी७ चा उंट डी५ ला येतो आणि धमकी जशीच्या तशी. म्हणून २८. हत्ती एफ१. आणि मग २८...वजिराने जी२ मारून शह २९. राजाने वजीर मारला, हत्ती डी२ शह. डी५ वरून हत्ती हलताच बी७ च्या उंटाचा शह, शिवाय हत्तीचा स्वतःचा. दुहेरी शहात मध्ये मोहरं घालता येत नाही, आणि राजाला जी३ शिवाय घर नाही. ३०. राजा जी३, हत्ती जी२ शह ३१. राजा एफ४, हत्ती एफ८ शह, आणि मात टळत नाही. पोलुगायेव्हस्कीने २९ व्या चालीनंतरच डाव सोडला.

शेवटची संयोजना सुंदर आहेच. पण एकोणिसाव्या चालीला डी५ सुचलं नसतं तर ती कधी जन्मालाच आली नसती, आणि डी५ सुचायला ई४ च्या राखणदारांची मोजणी चालू असावी लागते. हेजहॉग शिकणाऱ्याने ही एक सवय लावून घ्यावी, असं मी आग्रहाने म्हणेन: प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीनंतर ई४ ला किती आधार आहेत आणि डी५ वर दोघांचा जोर किती आहे, हे दोन आकडे मनात ताजे ठेवायचे. आकडा बदलला त्या चालीला फोडीचा विचार गांभीर्याने करायचा. बाकीच्या वेळी मोहरी सुधारायची.

राजाच्या बाजूने प्यादं पुढे नेण्याची कल्पना काळ्याकडे कुठून आली, याचंही उत्तर रंजक आहे. १९७० मध्ये जर्मनीतल्या झीगन इथे बॉबी फिशर आणि स्वीडनचा उल्फ अँडरसन यांच्यात एक प्रदर्शनीय डाव झाला. फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला, पण त्याने हीच रचना रंग उलटवून मांडली होती. किल्लेकोट झाल्यावर त्याने राजा एच१ ला नेला, हत्ती जी१ ला आणला आणि जी४ ढकलून मध्याकडे पाहणाऱ्या अँडरसनवर बाजूने हल्ला चढवला. फिशर जिंकला. पुढच्या दशकात हेजहॉगचा सगळ्यात चिवट जाणकार म्हणून ज्याचं नाव झालं, तो हाच अँडरसन! काळ्यासाठी तीच योजना राजा एच८, हत्ती जी८ आणि जी५ अशी येते, आणि आज हेजहॉगच्या हत्यारांत ती डी५ आणि बी५ च्या शेजारी बसते. फ्ताचनिकचं एच५ त्याच घराण्यातलं आहे.

घाईचं उदाहरण हवं असेल तर ते फार मोठ्या खेळाडूचं आहे. सप्टेंबर १९८४, मॉस्को, जगज्जेतेपदाच्या सामन्यातला तिसरा डाव. कार्पोव्ह पांढरा, २१ वर्षांचा कास्पारोव्ह काळा. सिसिलियनमधून आलेली हेजहॉगची रचना, फरक इतकाच की काळ्याचा घोडा सी६ वर होता. बाराव्या चालीला कार्पोव्हने वजीर बी३ ला आणून बी६ च्या प्याद्यावर मारा केला. घोडा एफ६ वरून डी७ ला मागे घेऊन प्यादं राखता आलं असतं, डाव पुढे लांबला असता. कास्पारोव्हने घोडा ए५ ला टाकला, बी६ दिलं आणि त्या बदल्यात एफ६ च्या घोड्याने ई४ मारलं. मारामारी होऊन वजीर उतरले. सोळाव्या चालीला त्यानेही डी५ खेळलं. पण तोवर ए५ चा घोडा कडेला अडकलेला, पांढऱ्याचा हत्ती डी पट्टीवर आलेला, आणि फोडीमागे जोर लावायला वजीर उरलेला नव्हता. तीच डी५, तीच रचना. ३१ चालींत कार्पोव्ह जिंकला.

दोन्ही डाव एकाच बैठकीत, एकामागून एक पाहावेत. फ्ताचनिकच्या डी५ च्या वेळी काळ्याची सगळी मोहरी पटावर होती आणि प्रत्येकाची वाट त्या चालीने उघडली. कास्पारोव्हच्या वेळी वजीर आणि एक घोडा निघून गेले होते. जागा कमी असलेल्याने मोहऱ्यांची अदलाबदल करावी असा सर्वसाधारण नियम आहे, तो हेजहॉगला जसाच्या तसा लावू नये, असं माझं ठाम मत आहे. इथे काळ्याची ताकद फोडीच्या मागे उभ्या असलेल्या मोहऱ्यांत असते. ती कमी केली की फोड निघते, पण तिच्यातून काही हाती लागत नाही. कास्पारोव्हने पुढच्या वर्षीच्या सामन्यात हीच सुरुवात पुन्हा घेतली, पण आठव्याच चालीला, हेजहॉग बांधायच्या आधी, प्यादं देऊन डी५ खेळून टाकलं. सोळावा डाव त्याने त्यातूनच जिंकला. म्हणजे डी५ एकतर फार लवकर खेळावं किंवा पूर्ण तयारीनिशी. अधल्यामधल्या वेळेला त्याची किंमत मोजावी लागते.

सराव कसा करायचा, हे थोडक्यात. सोळाव्या चालीनंतरची वर दिलेली स्थिती जोडीदारासोबत मांडा आणि दोन्ही बाजूंनी खेळा, आधी पांढऱ्याने. पांढऱ्याने खेळताना कळतं की करायला काही सापडत नाही तेव्हा हात आपोआप एच३ आणि एफ४ कडे जातो. एकदा ते स्वतः अनुभवलं की काळ्याने खेळताना थांबण्याची भीती कमी होते. जोडीदार नसेल तर लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्थिती मांडून संगणकाशी खेळता येतं. इंजिन अशा स्थितींत बहुधा पांढऱ्याला थोडं वरचढ दाखवतं. त्याने खचून जाऊ नये, जागेचा तो हिशोब आहे आणि समोर माणूस बसलेला असताना तो फरक फार लवकर पुसला जातो. विसाव्या चालीला पांढऱ्याने डी५ मारण्याऐवजी ई५ ढकललं असतं तर काय, याचा अभ्यास इंजिन न लावता करावा. काळ्याकडे घोडा ई४ आणि डी५ वरून सी४ मारणं असे दोन वेगळ्या स्वभावाचे रस्ते आहेत, दोन्ही लिहून काढावेत.

अगदी नवख्या मुलांना मात्र हा बचाव देऊ नये. ज्याला ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ असं समोरासमोर मध्य लढवायचा अनुभव नाही, त्याला मध्य सोडून दिल्यावर आपण काय सोडलं तेच कळत नाही. निदान दोन-तीन वर्षं स्पर्धा खेळलेल्या मुलाने याकडे वळावं. तेव्हा याचा एक मोठा फायदा मिळतो: १. सी४, १. घोडा एफ३, काही वेळा १. डी४, आणि सिसिलियनच्या कान व तैमानोव्ह प्रकारांत पांढऱ्याने सी४ केलं तर १. ई४ समोरसुद्धा, शेवटी हीच प्याद्यांची रचना हाती येते. एकदा ती अंगवळणी पडली की वेगवेगळ्या दारांनी आत येता येतं.

चालींच्या क्रमाबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र पाठ असाव्यात. एक, ल्युसर्नच्या डावातल्यासारखा पांढरा वजिराने डी४ मारतो तेव्हा नवव्या चालीला उंट जी५ हा त्याचा गंभीर पर्याय असतो. एफ६ चा घोडा मारून तो डी६ वर सगळा भार टाकतो. इथे काळ्याने फोडीची स्वप्नं बाजूला ठेवून आधी डी६ सांभाळावं.

दुसरी, पांढरा सातव्या चालीला डी४ न करता हत्ती ई१ करतो. त्याला आधी ई४ करून मग डी४ खेळायचं असतं, म्हणजे डी४ वर वजिराऐवजी घोड्याने मारता येईल. ७...डी६ ८. ई४, ए६ ९. डी४, सी५ वरून डी४ मारलं १०. घोड्याने डी४ मारलं. इथे काळ्याने ताबडतोब वजीर सी७ ला आणावा. वाट पाहायची एक चाल आधी खेळून घेऊ असं वाटतं, पण पांढऱ्याने ई५ ढकललं की जी२ च्या उंटासमोर बी७ चा उंट आधाराविना उघडा पडतो, आणि या वेळी फ्ताचनिकसारखा राजावर हल्ला काळ्याच्या हातात नसतो. सी७ चा वजीर बी७ राखतो, सी पट्टीवर येतो, आणि किल्लेकोटाला वेळ मिळतो. तिथून पुढे मग घोडा डी७, हत्ती सी८, आणि ई४ ची मोजणी.